गेटवर काढलेले फोटो

उन्हाळा आल्याचं यंदा मला फोनने सांगितलं. ऑफिसात दुपारी डबा उघडून बसलोय, पहिला घास हातात, आणि पडद्यावर वरून एक पट्टी सरकत खाली आली. ‘ताडगोळे आले! सोललेले, गारेगार, दहा मिनिटांत तुमच्या दारात.’ शेजारी ताडगोळ्याचं चित्र. त्याला डोळे काढलेले, तोंड काढलेलं, आणि ते मेलं माझ्याकडे बघून हसतंय. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, “काय झालं सर, घरून काही मेसेज?” “काही नाही, जेव तू,” म्हटलं, पण घास परत डब्यात टाकला.

एखाद्या ऋतूचा राग येतो का कुणाला? मला येतो. चैत्र लागला की आमच्या मीरा रोडला हाटकेशच्या वळणावर झावळ्या पसरून त्यांवर ते काळे-जांभळे ढीग लागतात. कोयत्याचा ठक्क ठक्क आवाज सुरू होतो. ओल्या सालीचा तो कच्चा वास रिक्षात शिरतो. लोकांना ताडगोळा बघून गार वाटतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण मला गेला उन्हाळा आठवतो.

आणि राग त्या हसऱ्या चित्राचा नाही, हे मलाही कळतंय. ते चित्र बिचारं कुणीतरी पगारापुरतं काढलंय. शिव्या द्यायच्या तर मलाच द्यायला हव्यात. मी आमच्या बिल्डिंगचा पहिला शहाणा.

बोटाने चालणारा फोन आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी माझ्याकडे आला. तेव्हा लोक बटणं दाबून मेसेज लिहायचे. मी लिफ्टमध्ये उभा राहून दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवायचो आणि चौथ्या मजल्याची माणसं सातव्यापर्यंत माझ्याबरोबर यायची. आमचे सेक्रेटरी शहाभाई म्हणायचे, “मिलिंदभाई, फिरसे दिखाओ ने, वो नक्शावाला.” मग मी नकाशा उघडून आपली बिल्डिंग दाखवायचो, वरून, टाकीसकट. काय तो माझा रुबाब! जे अ‍ॅप निघेल ते त्याच दिवशी माझ्या फोनमध्ये. फोनवरून टॅक्सी बोलवायची सोय आली तेव्हा मीरा रोडला यायचं कसं हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. अर्धा तास मी त्याला फोनवर “सिग्नलसे लेफ्ट, फिर लेफ्ट” करत बसायचो. खाली उतरून रिक्षा केली असती तर कामाला पोचून परत आलो असतो. पण नाही. टॅक्सी कशी आपोआप आली, हेच सगळ्यांना सांगत सुटायचं.

पावलं मोजायला अ‍ॅप, झोप मोजायला अ‍ॅप. पाणी पी म्हणून आठवण करून देणारंही एक होतं. तहान लागली की नाही, हेसुद्धा मी खिशातून काढून बघायचो! आई हसायची. म्हणायची, “मिलिंदा, भूक लागलीय का तेही बघ एकदा, म्हणजे पोळ्या टाकते.” मला ती चेष्टा वाटायची. आता वाटतं, बाईने वेळेवर सांगितलं होतं.

आईबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर रेवदंड्याकडचं. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली, तिथून वडील रिटायर झाल्यावर आमच्याबरोबर मीरा रोडला. सातवा मजला, मागची बाजू. सुरुवातीला तिथून मिठागरं दिसायची, पांढऱ्या ढिगांच्या रांगा. मग एकेक टॉवर उठत गेला आणि आता समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसते. वडील गेले. मी आणि बायको सकाळी आठला कामावर जाणार ते रात्रीच येणार. आईचे गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे खाली उतरणं जवळजवळ बंदच. दिवसभर घरात ती आणि टीव्ही, आणि टीव्हीचाही ती आवाज बंद करून ठेवायची.

पण चैत्र-वैशाखात तिच्याकडे हिराबाय यायची.

हिराबाय खारी गावची. खारी म्हणजे भाईंदर पूर्वेला इमारतींच्या मध्ये राहिलेलं जुनं गाव. गुडघ्याच्या जरा खाली येणारं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, डोक्यावर ताडगोळ्यांची पाटी. सकाळभर बाजारात बसायची आणि अडीचच्या सुमारास परतताना आमच्या दारात. शेवटची चांगली फळं आईसाठी ठेवलेली असायची, वर झावळीचा तुकडा टाकून. गेली वीस वर्षं तरी हे चाललेलं. मी शनिवारी घरी असलो की बघायचो. पाटी उतरवताना आई हात लावायला उठायची आणि ती ओरडायची, “बस गो तू, गुडगं मोडशील!” मग दाराच्या आत आई, दाराच्या बाहेर ती, मध्ये स्टीलचं पातेलं. कोयत्याने टोपण उडवायची, अंगठा आत घालायची आणि सबंध गोळा बाहेर. एकही फुटायचा नाही, आतलं पाणी आतच. आई नखांनी ती पातळ तपकिरी साल काढायची. सालं टाकायची नाहीत, घामोळ्यांना चोळायची. संध्याकाळपर्यंत दाराच्या उंबऱ्याला तो तुरट वास असायचा.

आणि त्या दोघींचं बोलणं! आमच्याशी ‘पाणी’ म्हणणारी आई तिच्याशी ‘पानी’ म्हणायची. ‘डोळा’चा ‘डोला’ व्हायचा. “काय गो हिराबाय, पोरीचा काय झाला?” असं आई विचारायची आणि ते ऐकून मला दरवेळी चमकायला व्हायचं, ही कोण बाई? लालबागने, आम्ही, शाळांनी, सोसायटीच्या मीटिंगांनी जी भाषा तिच्या तोंडातून काढून घेतली होती, ती हिराबायपुढे आपोआप यायची. ती भाषा बोलताना आई हात हलवायची, मांडीवर थाप मारायची, मोठ्याने हसायची. आमच्याशी बोलताना तिचे हात पदरात असतात. वडील गेले तेव्हा हिराबाय आली होती, भर थंडीत, पाटीशिवाय. एक शब्द न बोलता तासभर दारात बसली आणि उठून गेली. भेटायला आलेल्या साठ-सत्तर माणसांपैकी आईला नंतर तेवढीच आठवत होती.

आता माझा पराक्रम.

गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या थोडं आधी, सोसायटीत कुणाची तरी सायकल गेली. मीटिंग भरली. मी भिंतीवर प्रोजेक्टर लावून गेटचं अ‍ॅप दाखवलं. कोणी आलं की वॉचमन त्याचा फोटो काढणार, फोटो घरमालकाच्या फोनवर जाणार, मालकाने हिरवं बटण दाबलं तर माणूस आत, लाल दाबलं तर बाहेर. टाळ्या पडल्या, खरंच सांगतोय. शहाभाई म्हणाले, “एकदम फाइव्ह स्टार!” मी आणखी पुढचं शहाणपण पाजळलं. म्हटलं, आता इंटरकॉम कशाला हवा? काढून टाका, देखभालीचा खर्च वाचेल. काढला. जुने वॉचमन मिश्राजी, ज्यांना बिल्डिंगमधलं प्रत्येक माणूस आणि त्याच्याकडे येणारं प्रत्येक माणूस माहीत होतं, त्यांना फोन चालवता येईना म्हणून एजन्सीने दुसरीकडे हलवलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मी तर नाहीच.

त्या अ‍ॅपमध्ये येणाऱ्याचे प्रकार ठरलेले. पाहुणे, कॅब, डिलिव्हरी, घरकाम. आणि उरलेले सगळे ‘अन्य’. वीस वर्षं दारात येणारी, वडिलांच्या वेळी तासभर बसून गेलेली बाई कोण? तर ‘अन्य’! डिलिव्हरीवाल्यांना कायमची परवानगी देऊन ठेवायची सोय होती, ती मी पहिल्याच दिवशी दिली. म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही, तोंड कधी पाहिलं नाही, असा माणूस खोकं घेऊन थेट सातव्या मजल्यावर. आणि हिराबाय गेटवर. हे मी केलं, कुठल्या कंपनीने नाही.

सुरुवातीला मी आईच्या हातात फोन दिला होता, नाकारत नाही. नवा कोरा, मोठ्या अक्षरांचा. पण पडद्याला तिचं बोट कळेना. साठ वर्षं भांडी घासून, वरवंटा ओढून, तिच्या बोटांची कातडी कोरडी, गुळगुळीत झालेली. ती दाबायची आणि काहीच व्हायचं नाही. मग दारावरची बेल दाबतात तसं जोर लावून, बोट तसंच ठेवून दाबायची, तर भलतंच काहीतरी उघडायचं. “अगं टच कर, दाबू नकोस!” “तेच तर करतेय.” “तसं नाही, हलकं!” तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला. तिने फोन उशीजवळ ठेवला आणि म्हणाली, “राहू दे. तुझाच नंबर दे तिकडे.”

दिला. घराची परवानगी माझ्या नंबरावर. आई घरात, दार घरात, आणि दार उघडायचं की नाही हे विचारलं जाणार चर्चगेटला बसलेल्या मला. यात काही चुकतंय असं मला त्या दिवशी वाटलंही नाही. उलट म्हटलं, बरं झालं, म्हातारं माणूस घरात एकटं, कुणीही शिरायला नको.

दुपारी अडीच ही आमच्या ऑफिसात मीटिंगची वेळ. फोन थरथरायचा. वर पट्टी यायची: ‘गेटवर अन्य व्यक्ती. येऊ द्यायचं?’ फोटो बघायचा तर पट्टी उघडावी लागते. कोण उघडतंय! विमावाला असेल, पाणी फिल्टरवाला असेल, देणगीवाला असेल. पट्टीवरच दोन बटणं असतात. डोळे समोरच्या फळ्यावर, फोन टेबलाखाली, आणि अंगठा लाल बटणावर. मला त्याचं इतकं वळण पडलं होतं की न बघता व्हायचं, शनिवारी घरी असलो तरी. एकदा तर मी शेजारच्याला कौतुकाने सांगितलं, बघ, एका सेकंदात कटवला.

घरी आलो की आई विचारायची, “सकाळी जाताना बाजारात हिराबाय दिसली का रे तुला?”

पातेलं दाराशी मांडलेलं असायचं, रिकामं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मी म्हटलं, “वय झालं गं तिचं. नसेल जमत.” आई म्हणाली, “न सांगता नाही जायची ती.” मी म्हटलं, “फोनवरून मागवतो तुला ताडगोळे.” तिने पातेलं पुसून परत तिथेच ठेवलं. वैशाखात एकदा जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, “माझंच चुकलं असेल. मागच्या खेपेला जून निघाले होते दोन-तीन. मी बोलले तिला, हिराबाय, आज घातलेस गो माझ्या गळ्यात. हसून बोलले होते. पण लागलं असेल तिला.” मी आमटी वाढून घेतली आणि म्हटलं, “तू उगाच मनाला लावून घेतेस.”

मृगाच्या आसपास तिने पातेलं उचलून वरच्या फळीवर ठेवलं. त्यानंतर वर्षभर आमच्या घरात कुणी ‘पानी’ म्हटलं नाही.

तर यंदा, त्या हसऱ्या चित्रानंतर, रविवारी मी ते ताडगोळे मागवलेच. दहा नाही, नऊ मिनिटांत आले. प्लास्टिकचा डबा, आत सहा गोळे, सोललेले, पांढरेफटक, पाणी गेलेले. आईने एक तोंडात घातला, चावला, आणि बाकीचा बशीत परत ठेवला. “कुणी सोललेत हे?” तिने विचारलं. मी डबा उलटून बघितला, कंपनीचं नाव होतं. “हिराबाय असती तर...” एवढं म्हणून ती आत गेली.

डबा पोचल्याची पट्टी पुसायला मी गेटचं अ‍ॅप उघडलं आणि बोट कुठे लागलं कोण जाणे, ‘जुन्या नोंदी’ उघडल्या. आपोआप उघडल्या म्हणत नाही, लागलं असेल माझंच बोट. नोंदींना फोटो लावलेले. मी खाली सरकवत गेलो. टॅक्सी, खोकी, टॅक्सी, खोकी. मग गेला जून, गेला मे.

आणि हिराबाय.

तारखेने सगळ्यात पहिला फोटो वाकडा, कोपऱ्यात वॉचमनचा अंगठा, आणि ती वैतागून बाजूला बघतेय. दुसऱ्या दिवशीचा, ती कॅमेऱ्यात बघतेय, संशयाने. मग एक, हसलेला, वरचा दात नाही. कुणीतरी तिला सांगितलं असणार की फोटो वर जातो. कारण त्यानंतर ती फोटोसाठी उभी राहायला लागली. हातात ताडगोळा धरून, कॅमेऱ्यापुढे केलेला. मग एक फोटो, त्यात तिने फळ कापून दोन्ही हातांनी समोर धरलंय, फळाचे तिन्ही डोळे दिसतील असं. आत लुसलुशीत पांढरं. कोवळे आहेत, जून नाहीत, हे दाखवतेय ती. माझ्या आईला दाखवतेय! मग हिरवं कोरं लुगडं. मग एक दिवस केसांत अबोलीची वेणी, चापूनचोपून बसवलेले केस, आणि गंभीर चेहरा, जुन्या लग्नाच्या फोटोत असतो तसा. शेवटचा पाठमोरा. पाटी डोक्यावर घेऊन निघालेली.

प्रत्येक फोटोखाली लाल अक्षरांत एकच ओळ. ‘नाकारले: मिलिंद.’

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. स्वतःच्या कानाखाली वाजवता येत नाही नीट, हात वळत नाही. नाहीतर वाजवली असती.

त्याही वेळी मी काय केलं बघा. आईला सांगितलं नाही. म्हटलं, आधी हिराबायला शोधू, तिला घेऊन येऊ, दारात उभी करू, म्हणजे आनंदाच्या भरात माझं पाप झाकलं जाईल. भित्रा माणूस हिशेबी असतो.

खारीत तिचं घर सापडायला वेळ लागला नाही. घरापुढे ओटा, मागे बिल्डिंगची भिंत, भिंतीपलीकडे जिम, त्यातलं गाणं ओट्यावर ऐकू येत होतं. ती बसून झावळीच्या हिरांचा झाडू बांधत होती. मला बघून हात थांबला, पण उठली नाही.

“मावशी, ओळखलंत?”

“वलकला. सातव्या माल्यावरचा.” आणि परत झाडू बांधायला लागली. “तुजी आय बरी हाय ना?”

“बरी आहे. तुमची वाट बघते.”

तिने वर बघितलं. असा राग मी त्या बाईच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. “कनाला खोटा बोलतंस रं? रोज उनात उभी रायली मी तुमचे गेटावर. त्यो भैया बोलला, फोटू वर जातं, घरचा मानूस बगतं, मंग हो नाय बोलतं. रोज ‘नाय’ आला. रोज! कोवला फल फोडून दाकवला मी तिला. तरी नाय.”

मी सांगितलं. फोटो आईकडे जात नव्हता. माझ्याकडे यायचा. आणि मी तो उघडतही नव्हतो. तिने दया दाखवली नाही आणि दाखवायचं कारणही नव्हतं. तिने हातातल्या हिरांची टोकं ठोकून सारखी केली.

“म्हंजी तिनं एक पन बगला न्हाय?”

“नाही, मावशी.”

“मंग ती वेनी मी कोनासाठी घातलेली रं?”

जिममधलं गाणं चालू होतं. मी म्हटलं, चला ना, आत्ता रिक्षाने जाऊ. तिने झाडूला शेवटची गाठ मारली, दाताने दोरी तोडली.

“आदी तिला सांग. तू सांग, तुजे तोंडानं. मी सांगनार न्हाय. आनि तुमचे गेटात मी पाय ठेवनार न्हाय, फोटू न्हाय काडनार. तिला याचा असल तर येऊं दे.”

त्या संध्याकाळी सांगितलं. आई गॅसपाशी होती. तिने गॅस बंद केला, खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि हात पुढे केला. फोन दिला. एकेक फोटो मी मोठा करत गेलो, त्याच दोन बोटांनी, ज्यांच्यावर लिफ्टमध्ये लोक खूश व्हायचे. कापलेल्या फळाच्या फोटोशी ती थांबली. पडद्याला अगदी नाक लागेल इतकी जवळ गेली. “कोवळं आहे,” म्हणाली. वेणीचा फोटो तिने मला परत मोठा करायला लावला. माझ्या नावाची लाल ओळ तिला वाचता येत होती, मोतीबिंदू असला तरी. मी म्हटलं, “आई, चुकलो मी.” ती म्हणाली, “म्हणजे ती येत होती.”

एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री तिने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं पातेलं काढलं. मी धावलो तर म्हणाली, “सरक बाजूला.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी खारीत निरोप दिला. दोन वाजता आई तयार. माहेरच्या लग्नासाठी घेतलेली जांभळी साडी, एका हातात काठी, एका हातात पातेलं. पातेलं मला देईना. लिफ्ट, मग चार पायऱ्या, मग आवार. माझ्या बिल्डिंगचं आवार इतकं लांब आहे हे मला माहीत नव्हतं. आवारात शहाभाई भेटले. “अरे मांजी, आप नीचे? मिलिंदभाई, सब ठीक ने?” आई थांबली नाही. गेटवरचा नवा वॉचमन हातात फोन घेऊन उठला आणि माझ्याकडे बघायला लागला, आता काय दाबायचं. काहीच नाही. येणाऱ्याला अडवायची एवढी यंत्रणा मी बसवली, पण सातव्या मजल्यावरची म्हातारी उठून स्वतः बाहेर जाईल, हे त्या अ‍ॅपमध्ये कुणी धरलेलंच नव्हतं.

गेटबाहेर, भिंतीला लागून गुलमोहर आहे, त्याच्याखाली वीजपेटीचा कट्टा. हिराबाय तिथे पाटी उतरवून बसलेली. साधं रोजचं लुगडं. आईला येताना बघून ती उठली नाही, नुसती सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली. आई बसली. काठी भिंतीला लावली. पातेलं दोघींच्या मध्ये ठेवलं. मग आई म्हणाली, “उशीर केलास गो हिराबाय.” आणि हिराबाय म्हणाली, “मी केला?” आणि मग त्या दोघी हसल्या का रडल्या मला सांगता येणार नाही, कारण मी मान खाली घातली होती.

माझ्या खिशात फोन थरथरला. वॉचमनने आपलं काम केलं होतं, त्याचा काय दोष. ‘गेटवर अन्य व्यक्ती. येऊ द्यायचं?’ वर्षात पहिल्यांदा मी पट्टी उघडून फोटो बघितला. दोघी होत्या त्यात. पातेलं मध्ये, हिराबायचा अंगठा फळात, आईचा हात मांडीवर थाप मारायला वर उचललेला. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. खाली हिरवं बटण, लाल बटण. मी दोन्हींवर बोट ठेवलं नाही. थोड्या वेळाने पट्टी आपोआप गेली.

“जल्ला, यंदाचा फल गोड हाय,” हिराबाय सांगत होती.

“बगू, दे हिकडं,” आई म्हणाली.

मी तिथेच उभा होतो, कुणी एक गोळा हातावर ठेवेल म्हणून. आईने मान वर केली. ओळखीचं पण नको असलेलं माणूस दारात थांबलं की बघतात, तसं बघितलं.

“तू कशाला थांबलायस? जा वर.”

मी गेलो.